नदीकाठचे उपवन कोणाचे?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक स्वरूपाचे लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा मंडळाचाच इतिहास लिहिण्याचा मोह प्रथम झाला. परंतु तो अधिकार ज्येष्ठ सभासदांचा. ज्यांनी वर्गणीच्या पावत्या फाडल्या, सतरंज्या अंथरल्या आणि भाड्याच्या खोलीत पहिली आरती म्हटली, त्यांनीच तो लिहावा. आम्ही बदलीच्या नोकरीमुळे येथे उशिरा आलेलो. म्हणून मंडळाच्या इतिहासाऐवजी, ज्या जागी मंडळाचा प्रत्येक गणेशोत्सव समाप्त होतो त्या जागेविषयी लिहावयाचे आम्ही ठरविले. ती जागा म्हणजे पाण्याचा काठ.

भिलाई हे काही नदीकाठी वसलेले नगर नव्हे. १९५५ साली सोव्हिएट रशियाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि भातशेतांच्या मुलखात हे पोलादाचे नगर उभे राहिले. नदी म्हणावी तर दुर्गपलीकडची शिवनाथ. आपल्या कुरुदच्या वाट्याला आला तो तलाव. धमतरीकडचे कुरुद निराळे. हे आपले कुरुद म्हणजे कारखान्याच्या नगराने पोटात घेतलेले एक जुने गाव. गावाची शेते गेली, वाड्या गेल्या, वसाहती आल्या. तलाव मात्र उरला. सायंकाळी त्याच्या काठाने फिरताना आम्हांस नेहमी दोन प्रकारची माणसे दिसतात. एक, काठावर काही काम असलेली: कपडे धुणारी, म्हैस पाण्यावर आणणारी, गळ टाकून बसलेली. दुसरी, काठावर काही काम नसलेली: आमच्यासारखी, वैद्याच्या सल्ल्याने चालणारी. या दोघांची दृष्टादृष्ट होते, परंतु बोलणे होत नाही.

हा अबोला कोठून आला, याचा शोध घेता घेता आम्ही बराच दूर गेलो. महेश्वर, पुणे, इंदूर असा फेरा करून पुन्हा कुरुदला आलो. वाचकांनीही हा फेरा आमच्यासोबत करावा, अशी विनंती आहे.

घाट आणि खासगी

आपल्याकडील पहिले नदीकाठचे उपवन म्हणजे घाट होय. आज घाट म्हटले की केवळ स्नानसंध्या डोळ्यांसमोर येते. वस्तुतः घाटावर स्नान होई, धुणे होई, घागरी भरल्या जात, श्राद्धे होत, कीर्तने होत, मुले पोहावयास शिकत आणि सासुरवाशिणी मन मोकळे करीत. पायऱ्यांच्या वर पिंपळाचा पार असे आणि पारावर वृद्धांची बैठक असे. काम, धर्म आणि विसावा यांच्यासाठी तीन निराळ्या जागा बांधाव्यात, असे कोणास सुचलेही नव्हते.

या परंपरेचे शिखर म्हणजे नर्मदाकाठचे महेश्वर. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ पासून १७९५ पर्यंत कारभार पाहिला. त्यांनी तेथे व भारतभर घाट बांधले, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु त्या घाटांची पुढे देखभाल कशी झाली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर होळकरांच्या दप्तरातील एका शब्दात आहे. तो शब्द म्हणजे ‘खासगी’. १७३४ साली मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगी जहागीर मिळाली. तिचे उत्पन्न दौलतीच्या उत्पन्नाहून वेगळे राही, आणि ते होळकर घराण्यातील स्त्रियांच्या अधिकारात असे. अहिल्याबाईंचा दानधर्म मुख्यतः या खासगीतून झाला. म्हणजे घाट बांधला त्याच वेळी त्याच्या दिवाबत्तीची, झाडलोटीची आणि डागडुजीची तजवीज नेमून दिलेली असे. फौज हरली अथवा खजिना आटला, तरी घाटाचा झाडूवाला उपाशी राहू नये, अशी ती व्यवस्था होती.

संस्थाने विलीन झाल्यावर, १९६२ साली, या धर्मादाय मालमत्तेसाठी खासगी न्यास स्थापन झाला. पुढे त्यातील काही मालमत्तेच्या विक्रीवरून वाद उद्भवला, आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने हा न्यास मध्य प्रदेशच्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली येतो असा निर्णय दिला. नाव खासगी आणि वस्तू सार्वजनिक, असा हा गमतीचा योग आहे. परंतु त्यात एक मर्म आहे. काठ सर्वांचा असला, तरी त्याची जबाबदारी कोणा एकाच्या अंगावर नेमून दिलेली असावी लागते.

बंडावरील बाग

इंग्रजी अमदानीत पाण्याकाठी एक नवी वस्तू आली. तिचे नाव ‘गार्डन’. पुण्यास मुळामुठेवर सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून बंधारा झाला, आणि त्याच्या शेजारची बाग ‘बंड गार्डन’ म्हणून प्रसिद्धीस आली. आज तिला महात्मा गांधी उद्यान म्हणतात. बंधाऱ्यामागे पाणी तुंबे, त्यात नावा चालत, आणि लष्करातील साहेबलोक व त्यांच्या मडमा सायंकाळी तेथे हवा खाण्यास येत. त्याच काळी शहराच्या अंगाला, मुठेच्या काठी, ओंकारेश्वराजवळ लोक पूर्वीप्रमाणेच धुणी धूत होते आणि दशक्रिया करीत होते.

एकाच नदीप्रवाहाचे हे दोन काठ पाहिले म्हणजे कुरुदच्या अबोल्याचे मूळ सापडते. घाटावर कामाचा माणूस आणि विसाव्याचा माणूस एकच होता. बागेत मात्र काम करणारा तो माळी, आणि फिरणारा तो साहेब, अशी फाळणी झाली. साहेब गेल्यावर त्याच्या जागी आपण फिरू लागलो. फाळणी तशीच राहिली. बागेचे गुण आम्ही नाकारीत नाही. गर्दीच्या शहरास सावली, हिरवळ आणि मोकळी हवा हवीच. परंतु कामाचा माणूस काठावरून हटला, की नदीवर नित्य लक्ष ठेवणारा डोळाही हटतो. पाण्यास वास येऊ लागला हे फिरणाऱ्यास नाकाने कळते, आणि तो दुसऱ्या रस्त्याने फिरू लागतो. धुणाऱ्यास ते हाताने कळते, आणि त्याला दुसरा रस्ता नसतो.

पुण्याच्या नदीचे पुढे काय झाले, हे सर्वांस ठाऊक आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, मुठेने काठची वस्ती धुऊन नेली, आणि पुणेकरांच्या मनात नदीचे भय बसले. भयाच्या पाठोपाठ उपेक्षा आली. घरांची तोंडे रस्त्याकडे आणि पाठी नदीकडे झाल्या. पाठीमागे काय टाकले जाते, हे सांगावयास नको.

इंदूरचा म्हातारा साहेब

घाट आणि बाग ही दोन टोके पुन्हा जोडता येतील काय, हा प्रश्न आपल्या देशात ज्याने प्रथम गंभीरपणे मांडला, तो गृहस्थ स्कॉटलंडचा होता आणि त्याने तो मांडला एका मराठी दरबारापुढे. त्याचे नाव पॅट्रिक गेडिस. जन्म १८५४. मूळचा हा वनस्पतिशास्त्रज्ञ. १९१४ साली नगररचनेचे प्रदर्शन घेऊन तो हिंदुस्थानास निघाला. प्रदर्शनाचे सामान ज्या जहाजात होते ते जर्मनांच्या ‘एम्डेन’ युद्धनौकेने बुडविले, तरी मित्रांनी नवे साहित्य जमवून दिल्यावर त्याने मद्रासेस प्रदर्शन भरविलेच. पुढील काही वर्षांत ठाणे, बडोदे, नागपूर अशा अनेक नगरांविषयी त्याने अहवाल लिहिले. १९१९ साली तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. थोर समाजशास्त्रज्ञ डॉ. गो. स. घुर्ये हे त्याच विभागातून पुढे आले.

त्याचा सर्वांत मोठा अहवाल इंदूरविषयी आहे. तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या दरबारास सादर झालेला हा दोन खंडांचा ग्रंथ १९१८ साली प्रसिद्ध झाला. इंदुरात कान्ह आणि सरस्वती अशा दोन लहान नद्यांचा संगम आहे. काठी राजघराण्याच्या छत्र्या आहेत, मंदिरे आहेत, घाट आहेत. १८१८ साली होळकरांची राजधानी महेश्वराहून येथे आली, पुढे कापडाच्या गिरण्या आल्या, वस्ती वाढली आणि नद्यांची गटारे होऊ लागली. प्लेग आणि हिवताप यांनी नगर त्रस्त झाले होते.

गेडिसची पद्धत त्या काळच्या अभियंत्यांहून निराळी होती. प्रथम पायी हिंडावे, गल्लीबोळ पाहावे, आणि मग नकाशावर रेघ ओढावी, असा त्याचा परिपाठ. दाट वस्ती पाडून सरळ रस्ते काढण्यास त्याचा विरोध असे. जेथे अगदी आवश्यक तेथेच थोडी काटछाट करावी आणि बाकीचे नगर जगू द्यावे, असे तो म्हणे. नदीविषयी त्याचे सांगणे असे की, प्रथम तीत जाणारी घाण थांबवावी. जुने घाट आणि छत्र्या दुरुस्त कराव्यात. आणि काठाने झाडांचे व बागांचे पट्टे करून ते नगराच्या वस्त्यांशी जोडावेत. मैल्यासाठी प्रचंड खर्चाची भुयारी व्यवस्था करून तो अखेर पाण्यातच सोडण्यापेक्षा बागांच्या मातीस द्यावा, म्हणजे फुले, भाजी आणि आरोग्य ही तिन्ही मिळतील, हा त्याचा लाडका सिद्धान्त होता. त्याच्या नदीकाठच्या उपवनात माळी होता, भाजीवाली होती, स्नान करणारा होता आणि संध्याकाळी मुलांना घेऊन येणारे कुटुंबही होते. म्हणजे घाटाची वहिवाट आणि बागेची हिरवळ यांचा त्याने मेळ घातला होता.

तळ्यांविषयीही त्याचे मत ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तळ्यांमुळे डास होतात, म्हणून ती बुजवून टाकावीत, असा त्या काळच्या आरोग्यखात्यांचा आग्रह असे. गेडिसने आपल्या अहवालांतून याला विरोध केला. तळे स्वच्छ ठेवा, त्यात मासे सोडा, बदके सोडा. ती डासांच्या अळ्या खातील, आणि तळ्याने नगराची हवा थंड राहील ती निराळीच, असे तो सांगे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे हे बोलणे मे महिन्यातील भिलाईत उभे राहून आठवावे, म्हणजे त्याची किंमत कळते.

पण केवळ अहवाल लिहून लोक काठ झाडू लागत नाहीत, हेही त्याला ठाऊक होते. त्याच्या चरित्रकारांनी सांगितलेली हकीकत अशी. इंदुरात प्रथम हिंडताना लोक आपल्याकडे भीतीने पाहतात, असे त्याच्या ध्यानात आले. चौकशी केली तेव्हा समजले की, ‘प्लेग आणणारा म्हातारा साहेब’ अशी त्याची ख्याती झाली होती. साहेब नकाशा घेऊन आला की घरे पाडली जातात, हा लोकांचा अनुभव. तेव्हा त्याने महाराजांकडे मागणी केली की, आपणास एका दिवसापुरते महाराज करावे. ती मान्य झाली. मग त्याने दवंडी पिटविली की, दिवाळीस मोठी मिरवणूक निघेल. परंतु तिचा मार्ग नेहमीचा नसेल. ज्या भागातील लोक आपली घरे आणि रस्ते सर्वांत स्वच्छ करतील, त्या भागातून ती जाईल.

परिणाम काय झाला, याची कल्पना मिरवणुकीचे वेड असलेल्या आपणा मराठी मंडळींस सहज करता येईल. घरोघर झाडलोट, सारवण आणि रंगरंगोटी सुरू झाली. वर्षानुवर्षांचा केरकचरा गाड्या भरभरून बाहेर गेला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमा होती, आणि ती अखेरीस जाळण्यात आली. नगरदेवतेची स्वारी होती, आणि तिच्या पताकेवर इंदूरचा नवा आराखडा काढलेला होता. लोकांस तुळशीची रोपे वाटली गेली. या साऱ्यांत आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट अशी की, नगराचे सफाई कामगार नवी शुभ्र वस्त्रे लेवून, फुलांच्या माळा घालून, मिरवणुकीत मानाने चालले. ज्यांना काठावरून दूर सारले जाते, त्यांना त्या दिवशी मध्यभागी आणले गेले.

गेडिसचे सारे इंदूर काही उभे राहिले नाही. नगर वाढले, गिरण्या वाढल्या, आणि कान्ह नदीस लोक सर्रास नाला म्हणू लागले. अगदी अलीकडे, नाल्यांत घरोघरचे सांडपाणी सोडणाऱ्या वाटा बंद करण्याचे काम इंदूरच्या महापालिकेने मोठ्या प्रमाणावर केले. कोरड्या झालेल्या नाल्यांच्या पात्रात मुले क्रिकेट खेळली. आणि २०२१ साली केंद्र सरकारच्या स्वच्छ सर्वेक्षणात ‘वॉटर प्लस’ हे प्रमाणपत्र मिळविणारे ते देशातील पहिले शहर ठरले. तथापि कान्ह पुरती निर्मळ झाली, असे कोणी म्हणू नये. तिचे पाणी पुढे क्षिप्रेस मिळते. २०१६ च्या उज्जैनच्या सिंहस्थात ते क्षिप्रेच्या घाटांना लागू नये, म्हणून नलिकेतून वळवून न्यावे लागले होते. वरच्या गावाने जे सोडले, ते खालच्या गावाच्या स्नानास आले. नदीकाठची बाग एका गावापुरती कधीच नसते.

काठाची किंमत

आजकाल नदीकाठ म्हटले की प्रथम नाव येते ते अहमदाबादच्या साबरमतीचे. १९९७ साली त्या कामासाठी महापालिकेने कंपनी स्थापन केली आणि २०१२ साली काठचे रस्ते लोकांसाठी खुले झाले. दोन्ही काठांवर रुंद फरसबंदी, बागा आणि दिवे आहेत, आणि कोरड्या पडणाऱ्या पात्रात नर्मदेच्या कालव्याचे पाणी आहे. तेथे सायंकाळी सर्व थरांतील कुटुंबे येतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्या काठावर पूर्वी राहणारी दहा हजारांहून अधिक कुटुंबे तेथून उठली, आणि त्यांपैकी अनेकांस शहराच्या कडेस जावे लागले, हेही मान्य केले पाहिजे. पुण्यातही मुळामुठेच्या सुमारे ४४ किलोमीटर काठाच्या सुधारणेचे काम २०२२ साली सुरू झाले. पात्र अरुंद होईल, पूर वाढेल आणि जुनी झाडे जातील, या भयाने तेथील नागरिक न्यायासनापर्यंत गेले. नाशकात तर कुंभमेळ्याच्या सोयीसाठी गोदावरीच्या पात्रात काँक्रीट ओतले गेले होते. ते काढून नदीचे जिवंत झरे मोकळे करावेत, म्हणून लोकांस न्यायालयाचे दार ठोठावावे लागले.

सरकारी नोकरीत आमचे आयुष्य गेले; तेव्हा खर्च करणाऱ्यांवर टीका करणे आम्हांस शोभत नाही. केवळ एक अनुभव नोंदवितो. बांधण्यासाठी पैसा मिळतो. राखण्यासाठी तो मागताना मान खाली घालावी लागते. उद्घाटनाची कोनशिला असते, झाडलोटीची नसते. बदलीच्या गावोगावी आम्ही पाण्याकाठच्या बागा पाहिल्या. पहिल्या वर्षी कारंजे उडे, दुसऱ्या वर्षी ते थांबे, तिसऱ्या वर्षी त्याच्या हौदात पत्रावळी दिसत. जेथे बाग टिकली, तेथे दोहोंपैकी एक गोष्ट आढळली. एक तर देखभालीचा कायमचा धनी ठरलेला होता, जसा आपल्या मैत्री बागेचा. १९७२ साली भारत-सोव्हिएट मैत्रीची खूण म्हणून ती उभी राहिली आणि पोलाद कारखान्याने ती सांभाळली. अथवा काठाशी ज्यांचे नित्याचे काम होते, ते लोक तेथून हाकलले गेले नव्हते.

तरिया, पचरी आणि निस्तार

आता आपल्या दाराशी येऊ. ज्या छत्तीसगढात आपण पोटासाठी आलो, त्याच्याशी मराठी माणसाचा संबंध कारखान्याच्या भोंग्यापासून सुरू होत नाही. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत यांची स्वारी रतनपुरावर आली, आणि पुढे बिंबाजी भोसले यांनी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरास राहून या मुलखाचा कारभार पाहिला. मुलूख जिंकणारे आले आणि गेले. परंतु पाणी कसे राखावे, हे येथील लोकांस कोणा पेशव्याने अथवा साहेबाने शिकविले नाही. ते त्यांना आधीच ठाऊक होते.

छत्तीसगढी गावात तळ्याला तरिया म्हणतात, त्याच्या पायऱ्यांना पचरी, आणि भोवतालच्या बांधाला पार. पारेवर वड, पिंपळ, आंबा असतो. पुरुषांची पचरी निराळी, स्त्रियांची निराळी. गुरांची उतरण निराळी. जुन्या तळ्यांच्या मध्यभागी लाकडाचा खांब उभा दिसतो. तळ्याचे लग्न लावले, त्याची ती खूण. लग्न लागले, म्हणजे तळे कुटुंबात आले. राखीपौर्णिमेनंतर मुली भोजली घेऊन तळ्यावर जातात, तेव्हा आमच्या विदर्भातील भुलाबाईची आठवण होऊन गळा दाटून येतो.

या साऱ्या वहिवाटीस येथे एक शब्द आहे: निस्तार. विदर्भातील वाचकांस तो नवा नाही. नागपूर आणि दुर्ग दोन्ही एके काळी मध्य प्रांतात होते, आणि गावकऱ्यांचे जळणाचे, चराईचे, रस्त्याचे, पाण्याचे हक्क निस्तार म्हणून ओळखले जात. पुढे १९५९ च्या मध्य प्रदेश जमीन महसूल संहितेत निस्तार-पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांची तरतूद झाली. ती संहिता छत्तीसगढनेही पुढे चालविली. आणि १९६६ च्या महाराष्ट्राच्या संहितेतही हेच दोन शब्द विदर्भासाठी आले. म्हणजे अमुक तळ्यावर अमुक गावाने स्नान करावे, गुरे पाजावीत, मासे धरावेत, ही गोष्ट कोणाच्या मेहरबानीची नसून दप्तरी नोंदविलेली आहे. आमच्या मते, महेश्वरच्या ‘खासगी’ला लागणारा दुसरा अर्धा शब्द तो हाच. खासगी म्हणजे राखण्याची जबाबदारी. निस्तार म्हणजे वापरण्याचा हक्क. दोन्ही मिळून काठ पुरा होतो.

हक्क सुटला की काय होते, याचा धडा शिवनाथेने आपल्याला दिला आहे. महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या पानाबरसच्या डोंगराळ मुलखातून ही नदी येते आणि महानदीस मिळते. १९९८ साली, छत्तीसगढ राज्य होण्यापूर्वी, बोरई येथील औद्योगिक वसाहतीस पाणी देण्यासाठी शिवनाथवर बंधारा बांधण्याचा २२ वर्षांचा करार एका खाजगी कंपनीशी झाला. त्यायोगे नदीचा सुमारे २३ किलोमीटरचा भाग एका परीने तिच्या हाती गेला. काठच्या महमरा, मोहलाई यांसारख्या गावांतील लोकांस मासेमारीस, स्नानास, शेतीस पाणी घेण्यास अडथळे होऊ लागले, तेव्हा देशभर गाजावाजा झाला. २००७ साली छत्तीसगढ विधानसभेच्या लोकलेखा समितीने हा करार रद्द करण्याची शिफारस केली. नदी विकता येते काय, हा प्रश्न त्या वेळी दिल्लीच्या वर्तमानपत्रांनी विचारला. महमऱ्याच्या कोळ्याचा प्रश्न अधिक साधा होता: काल मी जेथे जाळे टाकीत होतो, तेथे आज का टाकू नये?

हे सारे चालले असता आपण कोठे होतो? स्पष्टच सांगावयाचे तर, आपण वर्षातून एक दिवस शिवनाथेच्या काठी जात होतो, वाजतगाजत.

आपल्या अंगणातील गोष्ट

येथे आम्ही स्वतःकडे बोट दाखवितो. आमच्या येथील पहिल्याच वर्षी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी आम्ही कुरुदच्या तलावावर फिरावयास गेलो. आदल्या रात्री वस्तीतील लहान मूर्तींचे विसर्जन तेथे झाले होते, आणि त्यांत आमच्या घरचा गणपतीही होता. प्लास्टरच्या मूर्ती विरघळल्या नव्हत्या. पचरीच्या खालच्या पायरीशी सोंड, हात, मुकुट यांचे तुकडे, निर्माल्याच्या पिशव्या आणि रंगाचा तवंग. एक बाई धुण्याचे गाठोडे घेऊन आली होती. ती हाताने ते तुकडे बाजूस सारून पाण्याला वाट करीत होती. तिने आम्हांकडे पाहिले. ती काही बोलली नाही. आम्हीही काही बोललो नाही. आम्ही दुसऱ्या रस्त्याने घरी आलो.

प्रारंभी ज्या अबोल्याचा उल्लेख केला, तो हा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्ती विसर्जनाविषयी २०१० साली सूचना काढल्या, २०२० साली त्या अधिक कडक करून प्लास्टरच्या मूर्ती वर्ज्य ठरविल्या. त्या कागदाची प्रत आमच्या कचेरीतही आली असेल. तथापि जो परिणाम त्या बाईच्या नजरेने आमच्यावर झाला, तो परिपत्रकाने झाला नसता.

तेव्हा सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने, इतिहासातून जे शिकलो ते आम्ही मंडळापुढे तीन सूचनांच्या रूपाने ठेवतो. त्यांसाठी मोठा निधी नको, कोनशिलाही नको.

पहिली सूचना खासगीची. मंडळाच्या वार्षिक जमाखर्चात तलावाच्या काठाच्या राखणीसाठी एक स्वतंत्र सदर असावे. रक्कम अल्प असो, परंतु ती दुसऱ्या कामाकडे वळवू नये. नाट्यप्रयोग एक वर्ष न झाला तरी चालेल. त्या काठाचा झाडू थांबू नये.

दुसरी सूचना निस्ताराची. तलावाच्या सुधारणेचा विषय वॉर्डात निघेल तेव्हा मंडळाने आपल्या फिरण्याच्या वाटेची आणि बाकांची मागणी जरूर करावी. परंतु त्याच अर्जात धुण्याची पचरी, गुरांची उतरण आणि मासे धरण्याची मुभा कायम ठेवावी, असेही लिहावे. अर्जावर आपल्या सह्यांबरोबर जुन्या कुरुदकरांच्या सह्या घ्याव्यात. त्यासाठी त्यांच्याकडे जावे लागेल, आणि त्यातच या सूचनेचा अर्धा हेतू आहे.

तिसरी सूचना मिरवणुकीची. मूर्ती शाडूची असावी आणि विसर्जन कृत्रिम हौदात व्हावे, हे तर आलेच. त्याखेरीज, इंदूरच्या म्हाताऱ्या साहेबाचे ऋण मान्य करून, आपल्या मिरवणुकीचा मार्ग यापुढे आधीपासून ठरलेला नसावा. ज्या गल्लीने वर्षभर आपला केर आणि आपले सांडपाणी तलावापासून दूर ठेवले, त्या गल्लीतून गणराय जातील, असे मंडळाने जाहीर करावे. निवाडा कोणी करावा? आमच्या मते, ज्यांचे हात रोज त्या पाण्यात असतात, त्या बायकांनी.

आम्हांस त्या बाईचे नाव ठाऊक नाही. ती अद्याप त्याच पायरीवर येते. यंदा गणपतीपूर्वी मंडळाच्या वतीने तिला आमंत्रण देण्याचे काम आम्ही आमच्याकडे घेतले आहे. कोणत्या शब्दांत बोलावयाचे, याची तयारी चालू आहे. छत्तीसगढी आम्हांस अद्याप नीट येत नाही.